तणांचं वकीलपत्र

घराच्या मंजूर नकाशात भिंत आणि कुंपण यांच्यामधल्या मोकळ्या जागेला 'सामासिक अंतर' म्हणतात. ही जागा महापालिकेला मोकळी हवी असते, घरमालकाला तिथं बाग हवी असते, मालकिणीला वाळवणं घालायची असतात आणि चिरंजीवांना गाडी लावायची असते. उन्हाळाभर हा चौरंगी वाद चालतो. मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत तो आपोआप मिटतो, कारण तोवर जागेचा ताबा तणानं घेतलेला असतो.

आमचं शहर आणि जिल्हा २०२४ साली अहिल्यानगर झाले. पाट्या बदलल्या, जीभ अजून 'नगर'वरच वळते. तेव्हा पुढं नगर म्हटलेलं वाचकांनी चालवून घ्यावं. तर नगर हे पर्जन्यछायेतलं गाव. ढग सगळं पाणी कोकणात आणि आमच्याच अकोले तालुक्याच्या डोंगरांत रिचवून येतात आणि नगरवर नुसते अंधारून निघून जातात. वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस म्हणजे आमच्याकडे बरं वर्ष. एवढ्या पाण्यात भेंडी माना टाकते, टोमॅटो रुसतो, कढीपत्ता वर्षानुवर्षं गुडघ्याच्या वर जात नाही. तणाचं मात्र नुसत्या दवावरही भागतं. दुष्काळ पिकांना पडतो. तणाला दुष्काळ पडल्याची नोंद आजवरच्या कुठल्याही पैसेवारीत सापडायची नाही.

तण काढणं हे काम तसं अवघड नाही. पाऊस उघडून चिखल सुकला, पण आत ओल टिकून आहे, म्हणजे वापसा आला की उकिडवं बसायचं, खुरपं घालायचं आणि मुळासकट उपटायचं. अवघड असते ती परवानगी. कुठल्याही रोपाच्या बुडाशी हात घाला, घरातून, शेजारून, नाहीतर रस्त्यानं जाणाऱ्या कुणाकडून तरी हाक येतेच : "अहो, ते नका उपटू!" कोर्टात ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याला सरकार वकील देतं. आमच्या बागेत प्रत्येक तणाचं वकीलपत्र कुणी ना कुणी आधीच घेऊन ठेवलेलं असतं, तेही फुकट.

नगरच्या मातीत हौसेनं वाफे खणणाऱ्या माणसांत सर्वांत नामवंत म्हणजे पंडित नेहरू. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेसची कार्यकारिणी नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवली. नेहरू तिथं २८ मार्च १९४५ पर्यंत होते. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये त्यांनी तिथं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे नगरच्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असतं, निदान सहलीच्या दिवशी तरी. पण त्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी आपण भर उन्हात फुलांसाठी वाफे खणत असल्याचं लिहिलंय, आणि इथली माती निकस आहे, दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामाच्या राड्यारोड्यानं भरलेली आहे, असंही नोंदवलंय. नगरच्या सावेडी उपनगरात प्लॉट घेतलेल्या कुठल्याही माणसाला हे वाचून गहिवरून येतं. आमची मातीही थेट तशीच. फरक इतकाच की नेहरूंच्या मातीत निजामशाहीचे अवशेष निघत असतील, आमच्या मातीत ठेकेदाराचे निघतात.

किल्ल्यात त्यांच्यासोबत वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव अशी मंडळी होती. म्हणजे खणणारा एक आणि बघणारे बरेच. हे प्रमाण नगरला आजही टिकून आहे. त्या बघणाऱ्यांनी सल्ले दिले की नाही, ते मला ठाऊक नाही. पण माणसं कार्यकारिणीची, ठराव मांडल्याशिवाय त्यांनी एक काडी तरी उपटू दिली असेल असं वाटत नाही. एक गोष्ट मात्र नेहरूंच्या नशिबानं चांगली होती. किल्ल्यात अख्खी काँग्रेस होती, पण काँग्रेस गवत नव्हतं. ते दिसायला अजून दहा वर्षं होती. त्याच्याकडे शेवटी येतो. त्याची पाळी शेवटीच यायला हवी.

पहिला खटला हराळीचा. पुस्तकात 'हरळी', आमच्याकडे हराळी. जमिनीलगत सरपटत जाते, पेरापेराला मूळ धरते, कोथिंबिरीच्या वाफ्यात घुसली की कोथिंबीर कुठं आणि हराळी कुठं ते कळेनासं होतं. खुरप्यानं तुकडे करावेत तर प्रत्येक तुकडा वेगळा संसार थाटतो. १९७७ साली होल्म आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यात हिचा नंबर दुसरा आहे. हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "दूर्वा आहेत त्या."

इथं युक्तिवाद संपतो. ज्या गवतानं अख्ख्या जगाच्या शेतकऱ्यांना रडवलं, त्याच्या कोवळ्या शेंड्यांच्या एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून आम्ही विघ्नहर्त्याच्या मस्तकावर ठेवतो. भाद्रपदात माळीवाड्यातल्या विशाल गणपतीला जाताना दूर्वांच्या जुडीला पैसे मोजायचे आणि घरी येऊन त्याच दूर्वा उपटायला माणूस लावून त्यालाही पैसे द्यायचे, हा दुहेरी खर्च आईला पटत नाही. "गणपतीपर्यंत राहू द्या," असा तिचा तहकुबीचा अर्ज असतो. गणपती होतात, मग नवरात्र, मग संकष्टी आहेच, ती तर दर महिन्याला येते. हराळीच्या खटल्यात आजवर निकाल लागलेला नाही, तारीख पडलेली आहे.

आणि दूर्वाच नव्हेत. आघाड्याची पेनासारखी सरळ दांडी धोतराला चिकटते, तिचं बी कुत्र्याच्या केसांतून गावभर फिरतं; तर श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते. गणपतीच्या एकवीस पत्रींची आमच्याकडची यादी काढून पाहिली. दूर्वा, आघाडा, माका, धोत्रा, डोरली, रुई आणि विष्णुक्रांत एवढ्या सात वनस्पती कुठल्याही पडीक रानात आपोआप उगवतात. म्हणजे पूजेतली तिसरा हिस्सा पत्री ही रीतसर तणंच आहेत. आपल्या पूर्वजांनी ही यादी करताना दूरदृष्टी दाखवली असणार : निदान वर्षातून एकदा तरी लोक बांधावर जाऊन ही झाडं खुडतील, असा हिशेब. लोकांनी त्यावर उपाय काढला आणि पत्री बाजारातून आणायला सुरुवात केली.

दुसरा वकील स्वयंपाकघरातला. आमच्याकडे खुरपायला रोजानं एक मावशी येतात. दिवसभराची हजेरी ठरवून, खुरपं स्वतःचं आणून, कांद्याच्या रानात उभी हयात घालवलेली बाई. कांद्याचं तण म्हणजे अवघड परीक्षा. कांद्याची पात सरळ वर जाते, जमिनीवर सावली धरत नाही, त्यामुळं पहिले दीड-दोन महिने तण डोकं वर काढत राहतं, आणि ओळीतलं काढताना एक जरी कांदा हलला तरी मालक बांधावरून बघत असतो. अशा तालमीत तयार झालेला हात आमच्या वाफ्यातून फिरतो तेव्हा बघत राहावं. पण हा हात सगळंच उपटून टाकत नाही. काही डावीकडे टाकतो, काही उजवीकडच्या पिशवीत.

"ह्यो घोळ हाये, दादा. मुगाची डाळ घालून लई भारी व्हतो."

घोळ, कुणी चिघळ म्हणतं : लालसर, मांसल, जमिनीवर पसरलेले देठ आणि गुबगुबीत पानं. उपटून बांधावर उलटा टाकला तरी आठवडाभर मरत नाही, अंगातल्या पाण्यावर फुलतो आणि बी पाडूनच डोळे मिटतो. तोही त्या जागतिक यादीत आहे. मग केना. निळी नाजूक फुलं, कडेला लाटा असलेली पानं. याच्या पानांची भजी होतात. हा केना वर निळं फुलतो ते दाखवायला. जमिनीखालीही त्याला न उमलणारी फुलं येतात आणि तिथंच बी तयार होतं. वर हात जोडायचे आणि खाली कारभार चालू ठेवायचा, ही कला जिल्ह्याच्या राजकारणात पुष्कळांना जमते. वनस्पतीत मी फक्त केन्यात पाहिली. त्यानंतर तांदुळजा, पाथरी, कोवळा माठ. माठाच्या पानाच्या बगलेत काटा असेल तर तो काटेमाठ, तो डावीकडे. घोळासारखीच जमिनीला चिकटलेली, पण बारकी पानं असलेली एक वेल निघाली की मावशी देठ मोडून दाखवतात. दूध आलं तर ती दुधी, ती भाजीत जाता कामा नये. एवढी खूण वाचकांनीही लक्षात ठेवावी. घोळाला दूध येत नाही.

चिरंजीवांनी मोबाइलवर झाडं ओळखायचं अॅप घेतलंय. फोटो काढला की ते लॅटिनमध्ये नाव सांगतं, कुळ सांगतं, मूळ देश सांगतं. त्यानं एकदा मावशींना मोठ्या ऐटीत एका झुडपाचं नाव वाचून दाखवलं. मावशींनी विचारलं, "भाजी व्हती का त्याची?" अॅप गप्प.

दुपारी मावशी निघतात तेव्हा वाफा स्वच्छ असतो आणि त्यांची पिशवी भरलेली असते. तण काढायची हजेरी आम्ही दिली, तणाची भाजी त्यांच्या घरी शिजते, आणि त्याच संध्याकाळी आम्ही मंडईतून पालक आणतो, ज्याच्यावर काय काय फवारलं ते देवाला ठाऊक. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० च्या यादीत पद्मश्री जाहीर झाली. त्याच तालुक्यात रानभाज्यांना पाहुण्यासारखं वागवतात. तिथून शंभरावर किलोमीटर अलीकडे सावेडीत त्याच भाज्यांना आम्ही 'घाण' म्हणतो. सौ.ना हे पटलं आणि आता आमच्या वाफ्यात घोळालाही अभय आहे.

तिसरे वकील शेजारचे निवृत्त गुरुजी. त्यांचा अभ्यास औषधी गुणधर्मांचा. मधुमेहापासून टकलापर्यंत प्रत्येक व्याधीवरचा उपाय त्यांच्या फोनवर पहाटे पाचला येतो आणि पाच मिनिटांत आमच्या फोनवर येतो. माका दिसला की ते म्हणतात, केसांना. घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, दिसली की म्हणतात, मूत्रपिंडाला. घेटुळीचं मूळ मुळ्यासारखं खोल जातं, अर्धं तुटलं की पुन्हा फुटतं. 'पुनर्नवा' हे नाव कुणी ठेवलं असेल त्यानं नक्की ती आधी उपटून पाहिली असणार. सराट्यालाही गुरुजी सोडत नाहीत. सराटा म्हणजे गोखरू, पिवळ्या फुलाचा, जमिनीवर अंथरलेला, ज्याच्या काटेरी बोंडानं नगरच्या पंक्चरवाल्यांच्या दोन पिढ्या पोसल्या. तो चपलेतून आरपार आला तरी गुरुजी शांतपणे सांगतात, "आयुर्वेदात याला फार वरचं स्थान आहे." असेल, तूर्त तो माझ्या टाचेत आहे.

एकदांडीच्या बाबतीत तर गुरुजींचा युक्तिवाद बिनतोड असतो. लांब दांडीवर एकच पिवळसर-पांढरं फूल, खरखरीत पानं. कुणी दगडीपाला म्हणतं. रानात काम करताना कापलं की हिचा पाला चुरडून रस जखमेवर पिळायचा, हे नगरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात खुरपताना चिरंजीवांच्या बोटाला खुरपं लागलं. गुरुजी कुंपणावरून म्हणाले, "बघा! एकदांडी ठेवली असती तर आत्ता कामाला आली असती." चिरंजीव एकदांडीच काढत होते.

आता लव्हाळा. याच्यावर जरा जास्त वेळ घालवावा लागेल, कारण तो आमच्यावर घालवतो.

त्या १९७७ च्या ग्रंथात जगातलं पहिल्या क्रमांकाचं वाईट तण म्हणून याचीच निवड झाली. दुसरीकडे आपल्या संतांनी त्याच्या नावानं नम्रतेचा दाखला दिलेला, पूर आला की वाकणारा म्हणून. दोन्ही खरंच आहे. वर तो वाकतो, खाली तो कुणाचं ऐकत नाही. ओळख सोपी : गवतासारखाच दिसतो, पण दांडी दोन बोटांत फिरवून पाहा, तीन कोन लागतात. गवताची दांडी गोल असते. हिरवी चकचकीत पानं बुडाशी झुबक्यानं, टोकाला तांबूस-तपकिरी तुरा. वरून ओढला की कट्कन तुटून हातात येतो आणि उपटल्याचं समाधान मिळतं. तेवढंच मिळतं.

मावशींनी एकदा एकच लव्हाळा नीट खणून दाखवला. खुरप्याचं टोक बाजूनं वीतभर खाली घातलं, माती उचलली, हळूहळू झाडली. बुडाशी एक फुगीर गाठ. तिच्यातून सुतळीएवढी तार निघाली होती, ती बोटभर पुढं जाऊन दुसऱ्या गाठीला मिळाली, काळसर, तांबूस केस असलेली, शेंगदाण्याएवढी. तिथून आणखी एक तार खाली. तिसरी गाठ. तिसरी तार टोमॅटोच्या मुळाखालून पलीकडे गेली होती. मावशींनी एक गाठ नखानं फोडली; आत पांढरा गर आणि कापरासारखा, उटण्यासारखा वास. उटण्यासारखा येणारच, कारण दिवाळीच्या उटण्यात जो नागरमोथा पडतो तो हाच. काष्ठौषधींच्या दुकानात हा वाळवून तोळ्यावर विकतात. मावशी म्हणाल्या, "वरून वढलं का बोडकं हातात येतं, आन धनी खालीच ऱ्हातो."

हा बीवर फारसा अवलंबून नाही, गाठींवर वाढतो. ट्रॅक्टरनं नांगरा, गाठी सुट्या होतात आणि एकाचे पन्नास होतात. मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद अंथरा, त्याचा भाल्यासारखा कोंब कागद फोडून वर येतो. बटाटा लावा, बटाट्यातून आरपार जातो. एप्रिल-मेच्या नगरच्या उन्हात जमीन भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकनं चार-सहा आठवडे झाकून ठेवली तर बहुतेक तणांचं बी आतल्या आत भाजून निघतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र हा सगळा काळ सावलीत काढतात, आणि आपण उन्हात.

अशा वेळी घरातला शेतीत असलेला नातेवाईक पुढं येतो आणि म्हणतो, "मारून टाका ना तणनाशक!" कृषी सेवा केंद्रात गेलं की पहिला प्रश्न, "किती एकर?" सामासिक अंतराचं एकरात काय उत्तर द्यायचं? आणि त्यात धोका आहे. रुंद पानांच्या तणांवर मारतात त्या टू-फोर-डीचा नुसता वारा लागला तरी टोमॅटोची, द्राक्षाची, कापसाची पानं चिमटतात. लव्हाळा तर तसाच डुलत उभा. घराभोवतीच्या वाफ्यात, जिथं पोरं खेळतात आणि मांजर लोळतं, तिथं हे प्रकार नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपाय आहे, पण तो कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी सांगत नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी, नव्या गाठी धरायच्या आत, खुरप्यानं खणून काढत राहायचं. प्रत्येक नव्या कोंबासाठी जुन्या गाठीतली शिदोरी खर्च होते. सतत खर्च आणि जमा शून्य असं दोन हंगाम चाललं की त्याचंही दिवाळं वाजतं. दुसरं म्हणजे त्याला सावली सोसत नाही. तिथं चवळी पसरू द्या, रताळं, नाहीतर लाल भोपळ्याचा वेल सोडा. भोपळ्याच्या पानांखाली लव्हाळा खंगत जातो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बागेतल्या मोजक्या सुखद दृश्यांपैकी ते एक.

लव्हाळ्याला तरी वकील नसेल असं वाटलं होतं. पण गुरुजी आहेत. "नागरमोथा? अहो, पचनाला!"

सगळ्या तणांच्या बाजूनं एकदम बोलणारे ज्येष्ठ वकीलही आहेत. 'तण खाई धन' अशी जुनी म्हण. कोल्हापूरचे प्रयोगशील शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी ती फिरवून 'तण देई धन' केली. तण योग्य वेळी मारून जागेवरच कुजू दिलं तर जमिनीला सेंद्रिय खत मिळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. आणि हिवरे बाजार तर आमच्या नगर तालुक्यातच. त्या गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून डोंगरावर गवत राखलं, ते विळ्यानं कापून गुरांना घालायचं ठरवलं आणि दुष्काळी गावाचं दूधदुभत्याचं गाव केलं. तिथल्या माणसाला मी सांगितलं की सावेडीत आम्ही गवत उपटायला रोज देतो, तर तो मला पाणी पाजून शांत बसवेल.

हिशेब करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडे बिनवकिलाचं एकच तण आहे. गाजर गवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी. पूजेला चालत नाही, भाजी होत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, आणि गुरुजींच्या फोनवरही त्याच्याबद्दल अजून काही आलेलं नाही. मूळचं अमेरिका खंडातलं. पुण्यात १९५५ साली ते दिसलं आणि पुढच्याच वर्षी त्याची नोंद छापून आली. लोकांनी ठरवलं की अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हातून आलं; पण त्या गव्हाचा भारताशी करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे आरोपी गुन्ह्यानंतर वर्षभरानं गावात आला. त्याआधी १९५१ च्या सुमारासही अमेरिकेतून गहू आला होता, तेव्हा गव्हाला निर्दोष सोडता येत नाही. संशयाचा फायदा द्यावा एवढंच. नाव मात्र काँग्रेसला चिकटलं, कुणी म्हणतं गहू आणणाऱ्या सरकारमुळं, कुणी म्हणतं पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळं. सरकारं आली-गेली, नाव कायम आहे. विरोधी पक्षाचे कार्यकर्तेही ते उपटत नाहीत, नुसतं नाव घेतात.

याचं कोवळं रोप फसवं असतं. गाजराच्या किंवा शेवंतीच्या पानासारखी कातरलेली पानं जमिनीवर गोल पसरतात. आमच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी ते शेवंती समजून कुंडीत लावलं, शेणखत घातलं, दसऱ्याला फुलेल म्हणून रोज पाणी घातलं. फुललं, मोहरीएवढी पांढरी फुलं. एका झाडाला दहा-पंधरा हजार बिया सहज होतात, आणि त्या वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, चपलेबरोबर जातात. अर्धवट कुजलेल्या शेणखताच्या ट्रॉलीतूनही असलं बी घरपोच येतं, त्याचे आपण पैसे मोजतो. या झाडाच्या सततच्या स्पर्शानं पुष्कळांच्या अंगावर पुरळ उठतं, कातडी काळी पडून सोलते. परागांनी शिंका आणि दमा वाढतो.

याच्या बाजूनं कुणी नाही, तरी सर्वांत जास्त वाढलंय तेच. कारण उघड आहे. ते कुंपणाच्या बाहेर असतं. आतल्या घोळासाठी आम्ही भांडतो, बाहेरच्या गाजर गवताबद्दल एकमेकांकडे बघतो. ज्या तणाला कुणी आपलं म्हणत नाही, त्याला उपटायलाही कुणी आपलं म्हणत नाही.

त्याच्यावर मेक्सिकोहून एक भुंगेरा मागवलेला आहे, झायगोग्रामा. १९८३-८४ च्या सुमारास बंगळूरला आणून सोडला. पांढुरकं अंग, त्यावर तपकिरी रेघा. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं खाऊन सांगाडा करून ठेवतात, थंडी पडली की जमिनीत जाऊन झोपतात. म्हणजे सरकारी नोकरासारखं हंगामी काम, पण करतो मनापासून. दिसला तर मारू नका. मोकळ्या जागेत पावसाआधी टाकळ्याचं बी फेकलं तर टाकळा गर्दी करून गाजर गवताला वाढू देत नाही, आणि टाकळ्याची कोवळी भाजीही होते. मावशींची हरकत नाही.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयामार्फत दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळतात. भाषणं होतात, फोटो निघतात, ते चांगलंच आहे. पण आमच्याकडे जूनमध्ये उगवलेली झाडं तोवर फुलावर आलेली असतात. त्याआधी काढलेलं बरं. पाऊस पडून जमीन मऊ असताना, हातात मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, नाकाला रुमाल बांधून, मुळासकट उपटा. फुलं नसतील तर कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. फुलं आली असतील तर खड्ड्यात नको, त्याचं बी पुढच्या वर्षी तुमच्याच वाफ्यात येईल. दमेकऱ्यांनी आणि ज्यांच्या अंगाला ते लागतं त्यांनी लांबूनच सूचना कराव्यात, तेवढी मुभा नगरमध्ये सगळ्यांना आहे. बाकीच्यांनी येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, खुरपं घेऊन कुंपणाबाहेर यावं.